तीन मिनिटांच्या डावात स्टॅफर्ड गॅम्बिट

गेले दीड वर्ष मी रोज रात्री बुद्धिबळाचे तीन मिनिटांचे चार-पाच ऑनलाइन डाव खेळते, आणि काळी मोहरी वाट्याला येऊन समोरच्याने संधी दिली, की बहुतेक वेळा स्टॅफर्ड गॅम्बिट खेळते. गॅम्बिट म्हणजे डावाच्या सुरुवातीलाच प्यादे देऊन मोबदल्यात हल्ल्याची संधी मिळवणे. हा गॅम्बिट सदोष आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. कोणतेही चांगले इंजिन, म्हणजे चालींचे मूल्यमापन करणारी संगणक-प्रणाली, लावून पाहिले, तर चार चालींनंतर ते पांढऱ्याला दोन प्याद्यांच्या आसपास वरचढ ठरवते, आणि त्या मूल्यमापनाशी वाद घालण्याची माझी पात्रताही नाही आणि इच्छाही नाही. तरीही मी तो खेळते, मनापासून खेळते, आणि तो का खेळते हे एकदा नीट मांडावे असे बरेच दिवस मनात होते.

आधी पट समोर मांडू. उभ्या पट्ट्यांना ए ते एच ही अक्षरे आणि आडव्या रांगांना पांढऱ्याच्या बाजूने एक ते आठ हे आकडे असतात; ई४ म्हणजे ई पट्टीतले चौथे घर. पांढऱ्याचे राजासमोरचे प्यादे ई४ वर येते, काळा ई५ ने उत्तर देतो, पांढऱ्याचा घोडा एफ३ वर येऊन ई५ वरच्या प्याद्यावर मारा धरतो, आणि काळा त्या प्याद्याला जोर देण्याऐवजी आपला घोडा एफ६ वर काढून पांढऱ्याच्या ई४ वरच्या प्याद्यावर उलट मारा धरतो. इथपर्यंत हा पेट्रॉफ बचाव आहे. एकोणिसाव्या शतकातील रशियन खेळाडू अलेक्झांडर पेट्रॉफ यांच्या नावाने ओळखला जाणारा हा बचाव अत्यंत भक्कम मानला जातो. २०१८ च्या विश्वविजेतेपदाच्या लढतीतील सहाव्या डावात फॅबियानो कारुआनाने मॅग्नस कार्लसनविरुद्ध तोच निवडला होता, आणि काळ्या मोहऱ्यांनी खेळूनही तो विजयाच्या अगदी जवळ पोहोचला होता; डाव शेवटी बरोबरीत सुटला. पेट्रॉफमध्ये पांढऱ्याने ई५ वरचे प्यादे मारले, की काळा डी६ खेळून आधी तो घोडा हुसकावतो आणि मग शांतपणे ई४ वरचे प्यादे मारून हिशेब पूर्ण करतो. स्टॅफर्डमध्ये मात्र काळा घोड्याला हुसकावत नाही. तो आपला दुसरा घोडा सी६ वर आणून ठेवतो आणि घोड्यास घोडा देऊ करतो. पांढरा सी६ वर मारतो, काळा डी प्याद्याने तो घोडा परत मारतो, आणि चार चाली संपतात तेव्हा काळ्याकडे एक प्यादे कमी असते.

त्या एका प्याद्याच्या मोबदल्यात काळ्याला काय मिळाले, हे ओळखण्यातच या गॅम्बिटची सगळी गोडी आहे. डी प्यादे बाजूला सरकल्यामुळे वजिराला अख्खी डी पट्टी मोकळी होते, सी८ वरच्या उंटाला जी४ पर्यंतचा कर्ण मिळतो आणि दुसरा उंट पुढच्याच चालीला सी५ वर येऊन थेट एफ२ वर नेम धरतो. पण यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट पटावर दिसत नाही, कारण ती पटावरून निघून गेलेली असते. पांढऱ्याचा राजाकडचा घोडा तीन चाली खर्चून एफ३, ई५, सी६ असा प्रवास करतो आणि मारला जातो. एफ३ वरचा घोडा हा पांढऱ्या राजाचा पहारेकरी असतो. एच२, एच४, जी५, डी४ ही घरे तो सांभाळतो. तो गेला, की काळ्या वजिराला एच४ वर उतरायला कोणी अडवत नाही आणि एच२ वरच्या प्याद्याला राजाखेरीज कोणाचा जोर उरत नाही. स्टॅफर्डमधले जवळजवळ सगळे सापळे या एका अनुपस्थितीतून जन्माला येतात. हे मला कळले तेव्हा चाली पाठ करण्याची गरज निम्म्याने कमी झाली.

'गॅम्बिट' हा शब्द इटालियन 'गाम्बेत्तो'वरून आला आहे. समोरच्याच्या पायात पाय घालून त्याला पाडणे, असा त्याचा मूळ अर्थ. स्पॅनिश धर्मगुरू रुय लोपेझ याने १५६१ साली आपल्या ग्रंथात तो बुद्धिबळाच्या संदर्भात वापरला आणि पुढे तो रूढ झाला. आपल्याकडे 'डाव' हा शब्द बुद्धिबळालाही चालतो आणि कुस्तीतल्या पेचालाही, त्यामुळे मराठी माणसाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. टांग मारताना पैलवान स्वतःचाही तोल थोडा धोक्यात घालतो. समोरच्याने ती ओळखली, तर पडायची वेळ आपल्यावर येते.

स्टॅफर्ड हे नाव ज्या डावामुळे पडले, तो डाव मात्र घाईचा नव्हता. अमेरिकेत १९५० साली पत्रव्यवहाराने खेळल्या गेलेल्या एका डावात स्टॅफर्ड नावाच्या खेळाडूने काळ्या मोहऱ्यांनी हा गॅम्बिट खेळला. पांढऱ्याने पाचव्या चालीत ई५ ढकलून घोड्यावर हल्ला केला, घोडा ई४ वर गेला, पांढऱ्याने त्याला हाकलण्यासाठी डी३ खेळले आणि काळ्याने घोडा तसाच माऱ्यात ठेवून उंट सी५ वर आणला. पांढऱ्याने तिथेच डाव सोडला. घोडा मारला, तर डी पट्टी उघडते. मग उंट एफ२ वर शह देतो आणि राजाने उंट मारला की डी१ वरचा वजीर काळ्या वजिराच्या हाती लागतो. राजा उंट न मारता ई२ वर सरकला, तर दुसरा उंट जी४ वरून शह देतो आणि वजीर तरीही जातोच. घोडा न मारावा, तर एफ२ वर घोडा आणि उंट असा दुहेरी मारा आहेच. एकेका चालीचा विचार करायला सवडच सवड असलेला खेळाडू सहा चालींत हरला, ही गोष्ट मी नेहमी लक्षात ठेवते, कारण या गॅम्बिटला केवळ घाईत चालणारी हातचलाखी म्हणून मोडीत काढणाऱ्यांना तिचे उत्तर द्यावे लागेल. ज्या चाली नैसर्गिक वाटतात त्याच इथे चुकीच्या ठरतात. घाईमुळे माणूस त्या नैसर्गिक चालींकडे अधिक वेगाने धाव घेतो, इतकेच.

गेल्या काही वर्षांत हा गॅम्बिट घरोघरी पोहोचला तो अमेरिकन आंतरराष्ट्रीय मास्टर एरिक रोझन याच्या ऑनलाइन प्रक्षेपणांमुळे. मीही तिथेच तो प्रथम पाहिला. पण पाहणे आणि खेळणे यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर मला पहिल्या आठवड्यातच सलग सात डाव हरून मोजावे लागले.

आता सर्वांत प्रसिद्ध सापळा जवळून पाहू. पांढरा पाचव्या चालीत डी३ खेळतो. ही चांगली चाल आहे. ई४ ला जोर मिळतो आणि सी१ वरच्या उंटाची वाट मोकळी होते. काळा उंट सी५ वर आणतो. आता पांढऱ्याच्या डोळ्यांसमोर एक अतिशय मोहक चाल असते, ती म्हणजे उंट जी५. घोडा वजिरापुढे जखडला जातो, म्हणजे तो हलला तर मागचा वजीर माऱ्यात येतो, पांढरे मोहरे बाहेर येते, आणि शाळकरी वयापासून प्रत्येकाने ही चाल हजार वेळा केलेली असते. ती केली, की काळा जखडलेला घोडाच उचलतो आणि ई४ वरचे प्यादे मारतो. वजीर उघडा पडतो. पांढऱ्याला एका क्षणासाठी आपण डाव जिंकला असे वाटते आणि तो डी८ वरचा वजीर मारतो. मग सी५ वरचा उंट एफ२ वर मारून शह देतो. राजाला जायला एकच घर आहे, ई२. आणि दुसरा उंट जी४ वर येतो: मात. राजाच्या भोवती स्वतःचाच वजीर, स्वतःचाच उंट आणि स्वतःचेच प्यादे अडसर होऊन बसलेले असतात. डी२ आणि एफ२ या घरांवर ई४ वरच्या घोड्याचा जोर आहे, ई१ आणि ई३ ही घरे एफ२ वरच्या उंटाने धरलेली आहेत. दोन उंट आणि एक घोडा अशा तीन हलक्या मोहऱ्यांनी, वजीर गमावलेला असताना, आठव्या चालीला झालेली ही मात मी पहिल्यांदा स्वतः दिली तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते आणि पुढची वीस मिनिटे मी दुसरा डाव सुरू केला नाही. नुसती त्या पटाकडे पाहत राहिले.

पांढऱ्याने वजीर न मारता डी प्याद्याने घोडा मारला, तरी एफ२ वरचा शह येतोच आणि पत्राने खेळलेल्या त्या डावाप्रमाणेच पांढरा वजीर जातो. मोहात पडू नये हे कळायला उशीर झाला, की त्यानंतर योग्य चाल फारशी शिल्लक नसते. तिथे जरा बरी चाल म्हणजे उंट ई३ वर मागे घेणे, पण जी चाल आत्ताच केली तिच्यापासून दोन सेकंदांत माघार घेणे मनाला जमत नाही.

दुसरा प्रकार याहून संथ आहे आणि मला तो अधिक आवडतो. पांढरा उंट जी५ वर न नेता ई२ वर ठेवतो, कारण त्याला किल्लेकोट करायचा असतो, म्हणजे एकाच चालीत राजा कोपऱ्याकडे आणि हत्ती त्याच्या बाजूला आणायचा असतो. काळा एच५ खेळतो. ही चाल पाहून बरेच जण काळ्याला नवशिक्या समजतात. पांढरा किल्लेकोट करतो, काळा घोडा जी४ वर नेतो, पांढरा एच३ खेळून त्याला हाकलू पाहतो, आणि काळा घोड्याकडे ढुंकूनही न पाहता वजीर डी६ वर ठेवतो. घोडा फुकट आहे. पण तो मारला, की एच प्यादे जी४ वर परत मारते, एच पट्टी उघडते, हत्ती एच८ वरून थेट खाली पाहू लागतो आणि वजिराची एच२ वरची मात समोर उभी राहते. पांढऱ्याने जी३ खेळून कर्ण अडवला, तर वजीर एच पट्टीकडे वळतो आणि मातेचा धोका तिथून येतो. एफ प्यादे पुढे करून राजाला वाट करून द्यावी, तर ते प्यादे सी५ वरच्या उंटाने राजापुढे जखडून ठेवलेले असते. ते हलूच शकत नाही. पाच चालींपूर्वी सहज सी५ वर येऊन बसलेला उंट इथे काम करतो, ही गोष्ट मला फार सुंदर वाटते.

हे सारे खरे असले, तरी तीन मिनिटांच्या डावात गॅम्बिटचे वजन मुख्यतः घड्याळात पडते. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमांत प्रत्येकी दहा मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ असेल तर त्या डावाला ब्लिट्झ म्हणतात, म्हणजे आपले तीन मिनिटांचे डाव त्या मर्यादेच्याही बरेच आत आहेत. १८० सेकंद आणि चाळीस चाली असा हिशेब धरला, तर एका चालीला साडेचार सेकंद येतात. मी पहिल्या सात-आठ चाली दहा सेकंदांत संपवते, कारण त्या माझ्या हातात बसलेल्या आहेत. समोरच्याला मात्र चौथ्या चालीपासून प्रश्न पडू लागतात, आणि प्रत्येक प्रश्न असा असतो की त्याचे साडेचार सेकंदांतले उत्तर बहुधा चुकते. तो विचार करायला बसला, तर उत्तर सापडते, पण वीस-पंचवीस सेकंद जातात. बाराव्या चालीला तो एका मोहऱ्याने पुढे असला आणि त्याच्याकडे माझ्यापेक्षा एक मिनिट कमी असले, तर तो डाव इंजिन सांगते तितका एकतर्फी राहत नाही. मी दिलेल्या प्याद्याची किंमत मला अशी सेकंदांत परत मिळते.

म्हणूनच चालीगणिक वेळ वाढवून मिळणारे डाव आणि न मिळणारे डाव यांत मी काटेकोर फरक करते. प्रत्येक चालीला दोन सेकंद इन्क्रिमेंट असले, की बचाव करणाऱ्याचा श्वास कधीच पूर्ण कोंडत नाही. शेवटच्या दहा सेकंदांतही तो जादा मोहऱ्यानिशी डाव जिंकू शकतो. तिथे मी स्टॅफर्ड क्वचित खेळते. दहा किंवा पंधरा मिनिटांच्या डावांत तर मुळीच नाही. एक मिनिटाच्या बुलेटमध्ये तो चालतो, पण तिथे समोरचा पुष्कळदा आपल्या चाली आधीच नोंदवून ठेवतो आणि सापळ्यात पडतो तो आपली चाल न पाहताच. त्या विजयात मला रस वाटत नाही. ज्याने पाहिले आणि तरी चुकला, त्याच्याविरुद्ध जिंकण्यात अर्थ आहे.

इथे एका आक्षेपाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते. अशा गॅम्बिटांना पुष्कळ लोक फसवेगिरी म्हणतात. आशेवर खेळणे, अज्ञानाचा गैरफायदा घेणे, असे शब्द मी वाचले आहेत आणि एकदा डावानंतर संदेशातून ऐकूनही घेतले आहेत. बुद्धिबळात लपवण्यासारखे काहीच नसते. माझी सगळी मोहरी त्याच्या डोळ्यांसमोर असतात, जितके मला दिसते तितकेच त्याला दिसते, आणि मी तर माझे एक प्यादे कमी करून बसलेली असते. एच५ ही चाल माझा हेतू ओरडून सांगते. पांढऱ्याला एखादी चाल नैसर्गिक वाटते ती तिच्यामागचे कारण न तपासता सवयीने वाटते, आणि त्या सवयीला प्रश्न विचारणे हा खेळाचाच भाग आहे. मी स्वतः उंट जी५ हजारदा खेळले आहे, जखडणे चांगलेच असते असे धरून. घोडा जखडलेला असला तरी तो हलू शकतो, हे मला स्टॅफर्डने शिकवले.

पेट्रॉफच्याच अंगणात याच्या उलट दिशेने जाणारा आणखी एक धाडसी प्रकार आहे आणि त्याचा इतिहास आपल्या भूमीशी जोडलेला आहे. काळ्याने नेहमीप्रमाणे डी६ खेळून घोड्याला हुसकावले, की पांढरा मागे न जाता घोड्याने एफ७ वरचे प्यादे मारतो आणि राजाला बाहेर ओढून काढतो. जॉन कोक्रन हा स्कॉटिश वकील १८४८ साली कलकत्त्यात मोहेशचंद्र बॅनर्जी यांच्याविरुद्ध हे खेळला आणि त्याचे नाव या गॅम्बिटला मिळाले. दोन प्याद्यांसाठी आख्खा घोडा देणे हे वेडेपण वाटेल, पण १९९९ च्या लिनारेस स्पर्धेत व्हेसेलिन टोपालोव्हने व्लादिमीर क्रॅमनिकविरुद्ध तोच खेळून बरोबरी साधली. कोक्रनच्या गॅम्बिटात निदान काळ्या राजाचा किल्लेकोट कायमचा जातो, ही भरपाई पटावर दिसते. स्टॅफर्डला असा सर्वोच्च पातळीवरचा पुरावा नाही, आणि तो असल्याचा दावा मी करणार नाही.

कारण त्याचे खंडन स्पष्ट आहे, आणि जो कोणी हा गॅम्बिट खेळू पाहतो त्याने सापळ्यांच्या आधी ते खंडन शिकावे, असे माझे ठाम मत आहे. मी उलट क्रमाने शिकले आणि त्यामुळेच ते सात डाव हरले. पाचव्या चालीत डी३, सहाव्यात उंट ई२, काळ्याच्या एच५ नंतर किल्लेकोटाची घाई न करता सी३. ही लहानशी प्याद्याची चाल सगळे चित्र बदलते. घोडा जी४ वर आला, की डी४ ढकलून उंटावर हल्ला होतो आणि उंटाचा एफ२ वरचा कर्ण बंद होतो. वजीर एच४ वर आला, की जी३. तो एफ६ वर गेला, की एफ३, आणि मग काळ्याची दोन मोहरी एकाच वेळी माऱ्यात येतात. एच४ ढकलून काळा थोडी धामधूम माजवू शकतो, पण हत्ती एफ१ वर ठेवून पांढरा ती शमवतो. याखेरीज, चौथ्या चालीत सी६ वर न मारता घोडा सरळ एफ३ वर परत नेणारेही भेटतात. तेव्हा काळा ई४ चे प्यादे मारून हिशेब बरोबर करतो आणि एक साधा, शांत डाव सुरू होतो. पाचव्या चालीत ई५ ढकलणाऱ्यांचे म्हणाल, तर तिथे डी३ ऐवजी डी४ खेळल्यास वजीर एच४ वर येतो, आणि त्यावर जी३ हे उत्तर दिले तर घोडा ते प्यादेच मारतो. एफ प्याद्याने घोडा मारला की ई४ वरून राजाला शह आणि एच१ वरच्या हत्तीवर मारा एकदमच बसतो. ही शाखा मी लांबवत नाही, कारण ती वर्षात मोजक्याच वेळा माझ्या वाट्याला आली.

या गॅम्बिटने माझे नुकसानही केले. साधारण चार महिन्यांनी माझ्या लक्षात आले, की इतर ओपनिंगमध्येही मी एफ२ कडेच पाहत बसते आणि समोरच्याने चूक करावी म्हणून चाली करते. समोरचा चुकला नाही, तर माझ्याकडे योजना नसे. अंत्यडाव तर जवळजवळ विसरले होते, कारण माझे डाव तिथपर्यंत पोहोचतच नव्हते. एक तर विसाव्या चालीच्या आत जिंकत होते किंवा हरत होते. त्यानंतर मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली. स्टॅफर्डमध्ये हरलेला प्रत्येक डाव मी त्याच रात्री पुन्हा लावते आणि कोणत्या चालीला माझा हल्ला संपला होता हे शोधते. तो संपल्यावरही मी हल्ल्याच्याच चाली करत राहिले का, हे पाहते. बहुतेक वेळा उत्तर हो असेच असते. हल्ला संपल्यानंतर एका प्याद्याने मागे असताना नेटाने बचाव करणे हे स्टॅफर्ड खेळणाऱ्याचे खरे काम आहे, आणि ते कोणत्याही सापळ्यांच्या चित्रफितीत दाखवत नाहीत.

गेल्या महिन्यातला एक डाव मात्र सगळ्यांपेक्षा वेगळा ठरला. तीन मिनिटांचा डाव, इन्क्रिमेंट नाही, मी काळी. सहाव्या चालीनंतर मी एच५ खेळले तेव्हा माझ्याकडे दोन मिनिटे चोपन्न सेकंद होते आणि समोरच्या खेळाडूकडे दोन मिनिटे सत्तेचाळीस. मग त्याचे घड्याळ चालू लागले आणि थांबेचना. दोन तीस. दोन दहा. त्याचे इंटरनेट गेले असावे असे मला वाटले. एक पन्नास. शेवटी एक मिनिट एकोणचाळीस सेकंद उरले असताना त्याने सी३ खेळले.

अडुसष्ट सेकंद! पाठ असलेली चाल कोणी अडुसष्ट सेकंद घेऊन खेळत नाही. त्या माणसाने ती चाल पटावर बसून, किल्लेकोट का नको याचा विचार करून, स्वतः शोधली होती. मी सवयीने घोडा जी४ वर नेला. त्याने डी४ खेळले. वजीर एच४, जी३. वजीर एफ६, एफ३. प्रत्येक चालीला तो दहा-बारा सेकंद घेत होता आणि प्रत्येक चाल बरोबर होती. पंधराव्या चालीला माझे एक मोहरे गेलेले होते आणि हल्ल्याचे नावही उरले नव्हते. पण त्याच्याकडे तेवीस सेकंद होते आणि माझ्याकडे सव्वा मिनिट. मी सुरक्षित चाली करत राहिले, मोहऱ्यांची अदलाबदल टाळत राहिले, आणि चौतिसाव्या चालीला त्याची वेळ संपली. पडद्यावर माझा विजय लिहून आला. माझे रेटिंग सात गुणांनी वाढले. घड्याळ हा खेळाचा भाग आहे हे मी वर सांगितलेच आहे आणि ते मी मागे घेत नाही. तरी त्या डावातली सर्वोत्तम चाल माझी नव्हती, आणि ती ज्याची होती तो हरला, याने माझ्या मनाला टोचणी लागली.

मी लगेच पुन्हा खेळण्याचे आमंत्रण पाठवले. त्याने ते स्वीकारले. आता पांढरी मोहरी माझ्याकडे होती. ई४, ई५, घोडा एफ३, आणि त्याने घोडा एफ६ वर काढला. मी ई५ चे प्यादे मारले. दोन सेकंद गेले आणि त्याचा दुसरा घोडा सी६ वर आला.

स्वतःचा गॅम्बिट समोरून पाहण्याची माझी ती पहिलीच वेळ होती. सी६ वर मारले, डी३ खेळले, त्याचा उंट सी५ वर आला, मी उंट ई२ वर ठेवला, आणि त्याने एच५ ढकलले. सगळे खंडन मला तोंडपाठ होते, तरी माझा हात राजाकडे गेला. किल्लेकोट करावा असे मनापासून वाटले. मग मी सी३ खेळले. त्याने घोडा जी४ वर नेला नाही. अर्धा मिनिट विचार करून त्याने उंट बी६ वर मागे घेतला. माझा हात डी४ कडे वळला, कारण पुढची पाठ असलेली चाल तीच होती, आणि प्यादे सोडण्यापूर्वी मला दिसले की त्याचा घोडा अजून एफ६ वर आहे. डी३ चे प्यादे पुढे गेले, की ई४ चे प्यादे बिनजोर होते आणि तो घोडा ते फुकट नेतो. माझ्या घड्याळात एक मिनिट बावन्न सेकंद उरेपर्यंत मी बसले. मग घोडा डी२ वर ठेवून ई४ ला आणखी जोर दिला.

त्यानंतर दोघांपैकी कोणीही चमकदार असे काही केले नाही. वजीर गेले, मग हत्तींची एक जोडी गेली, आणि ज्या अंत्यडावाला मी कित्येक महिने टाळत आले होते तो पटावर आला. ते जादाचे ई प्यादे आठव्या रांगेत पोहोचले तेव्हा माझ्याकडे चार सेकंद होते आणि त्याच्याकडे सहा.